दीड तास, वीस मुले आणि एक वही : बालसंघाच्या बेसबॉल सरावाची आखणी

वीस मुलांना मैदानभर पांगवायचे, एकाच्या हातात बॅट द्यायची, आपण चेंडू टाकायचे आणि प्रत्येकाला दहा-दहा चेंडू खेळू द्यायचे, असा बेसबॉलचा सराव गोव्यातल्या फोंडा तालुक्यात एका मैदानावर मी पहिले सहा महिने घेत होतो. मिनिटाला चार चेंडू पडतात असे धरले तरी वीस मुलांच्या दोनशे चेंडूंना पन्नास मिनिटे लागतात. त्यातली अडीच मिनिटे प्रत्येक मूल बॅट फिरवते आणि उरलेली साडेसत्तेचाळीस मिनिटे उन्हात उभे राहते. सर्वांत लांब उभे केलेले मूल कंटाळून पायाच्या अंगठ्याने मातीत रेघा ओढू लागते आणि नेमका तेव्हाच चेंडू त्याच्या बाजूने निघून जातो. मग आपण त्याच्यावर ओरडतो. वास्तविक ती चूक मैदानावर येण्यापूर्वीच, कागदावर, आपल्या हातून झालेली असते.

एके दिवशी मी फलंदाजाकडे पाहणे सोडून उजवीकडच्या दूरच्या टोकाला उभ्या असलेल्या एका मुलीवर लक्ष ठेवले. पन्नास मिनिटांत तिच्या हाती चेंडू तीनदा आला आणि त्यातला एक तिने पाणी प्यायला जाता जाता वाटेत उचललेला होता. तेव्हापासून आखणी करताना मी पहिला प्रश्न हाच विचारतो, की आज प्रत्येक मुलाच्या हाताला चेंडू किती वेळा लागणार आहे. पुढे जे लिहिले आहे ते आठ ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे, आणि हाताशी दोन मोठी माणसे, डझनभर चेंडू व तीन-चार बॅट आहेत असे गृहीत धरून लिहिले आहे. याहून अधिक साहित्य असल्यास उत्तम, परंतु त्यावाचून अडत नाही.

मैदान आखून घेणे

बेसबॉलसाठी राखलेल्या मैदानाची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. शाळेचे फुटबॉलचे मैदान, देवळासमोरची मोकळी जागा किंवा सरदाचे, म्हणजे पावसाळी, भात कापून झाल्यावर रिकामे होणारे शेत, यांपैकी जे मिळेल ते चालते. शेतात कापलेल्या भाताचे खुंट राहतात आणि तांबड्या मातीच्या मैदानात चिऱ्याचे बारीक खडे वर येतात; दोहोंमुळे जमिनीलगत आलेला चेंडू अचानक उसळून तोंडावर येतो. त्यासाठी सराव सुरू होण्यापूर्वी सर्व मुलांना हाताच्या अंतरावर एका रांगेत उभे करून मैदान या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावावे आणि दिसेल तो खडा उचलून बाहेर टाकायला सांगावे. पाच मिनिटांचे हे काम आहे, आणि ते मी कधीही गाळत नाही.

बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी लिटल लीग या अमेरिकेतल्या मुलांच्या बेसबॉल संघटनेचे माप योग्य ठरते. त्यात दोन बेसमधले, म्हणजे धावताना गाठायच्या चौकोनाच्या कोपऱ्यांमधले, अंतर ६० फूट, म्हणजे १८.२९ मीटर, आणि पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्याच्या) पट्टीपासून होम प्लेटपर्यंतचे (फलंदाजाच्या कोपऱ्यापर्यंतचे) अंतर ४६ फूट, म्हणजे १४.०२ मीटर असते. प्रौढांच्या मैदानावर हीच अंतरे ९० फूट आणि ६० फूट ६ इंच होतात. ती दहा वर्षांच्या मुलावर लादली तर त्याची फेक पहिल्या बेसपर्यंत पोहोचत नाही आणि कोणीच कधी आउट होत नाही. पालकांना समजावताना क्रिकेटचा दाखला उपयोगी पडतो. खेळपट्टीच्या दोन पॉपिंग क्रीजमधले अंतर ५८ फूट असते, त्यामुळे मुलांचा एक बेस म्हणजे जवळजवळ क्रिकेटमधली एक धाव, असे सांगितले की अंदाज लगेच येतो.

चौकोन आखण्यासाठी नायलॉनची दोरी घ्यावी. काथ्याचा दोर ताणल्यावर वाढतो. होमच्या जागी खुंटी मारून मैदानाच्या मधोमध सरळ २५.८६ मीटर मोजावे आणि तिथे दुसऱ्या बेसची खुंटी मारावी. मग १८.२९ मीटर लांबीच्या दोन दोऱ्या, एक होमच्या खुंटीला आणि दुसरी दुसऱ्या बेसच्या खुंटीला बांधून, उजवीकडे ताणाव्यात. दोन्हींची टोके जिथे जुळतात तिथे पहिला बेस येतो. त्याच दोऱ्या डावीकडे नेल्या की तिसरा बेस मिळतो. गुण्या न लावता चारही कोन काटकोनात बसतात. होम शक्यतो मैदानाच्या पश्चिमेच्या बाजूला ठेवावे, कारण संध्याकाळचे ऊन फलंदाजाच्या आणि त्याच्यामागे चेंडू झेलणाऱ्या कॅचरच्या डोळ्यांत येता कामा नये. खेळाचे नियमपुस्तकही होमकडून दुसऱ्या बेसची दिशा पूर्व-ईशान्य असावी असे सुचवते. दूरच्या क्षेत्ररक्षकांना मात्र ऊन समोरून लागते, म्हणून त्यांच्या डोक्यावर टोपी हवी.

बेससाठी सिमेंटच्या रिकाम्या पोत्याची ३८ सेंटीमीटरची चौकोनी घडी करून आत ओली वाळू पातळ पसरावी. जाडी दोन बोटांहून अधिक झाली तर धावत्या मुलाचा घोटा मुरगळतो. बेस म्हणून चिरा किंवा वीट कदापि ठेवू नये.

क्रिकेटचे हात, फुटबॉलचे पाय

आपल्याकडे येणारे मूल कोरे नसते. त्याने गल्लीत टेनिसच्या चेंडूने क्रिकेट खेळलेले असते आणि पावसाळ्यात चिखलात फुटबॉल खेळलेला असतो. त्यातले काय ठेवायचे आणि काय सोडवायचे हे ठरवले की आखणीचे अर्धे काम होते.

पहिल्या दिवशी बहुतेक मुले फटका मारल्यावर बॅट हातात धरूनच पहिल्या बेसकडे पळतात आणि तिथे पोहोचताच वाकून ती जमिनीवर टेकवतात. इथे क्रीज नाही आणि बॅट टेकवण्याचा काही उपयोग नाही, हे कळल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर उमटणारा गोंधळ पाहण्यासारखा असतो. ही सवय रागावून जात नाही. होमच्या बाजूला चुन्याने एक मीटरभर रुंद वर्तुळ काढावे आणि फटक्यानंतर बॅट त्या वर्तुळात पडली तरच धाव मोजली जाईल असा नियम करावा. बॅट सोडायची आहे, भिरकवायची नाही, हेही याच वर्तुळामुळे समजते. दुसरी गोष्ट पहिल्या बेसवर थांबण्याची. तिथे वेग कमी न करता बेसवरून पुढे निघून जाण्याची मुभा असते, तर दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर पाय ठेवून थांबावेच लागते. पहिल्या बेसच्या पुढे चार पावलांवर एक चप्पल ठेवून ‘चपलेपर्यंत पळायचे’ असे सांगितले, की मुले बेसवर घसरत थांबणे सोडून देतात.

लेट कट खेळणाऱ्या मुलाचे मन मोडावे लागते, त्याला इलाज नाही. बेसबॉलमध्ये फटका होमपासून पसरणाऱ्या ९० अंशांच्या कोनातच चालतो. मागे गेलेला चेंडू फाउल ठरतो आणि पहिले दोन फाउल स्ट्राइक, म्हणजे फलंदाजाने गमावलेली संधी, म्हणून मोजले जातात.

क्रिकेटची जमेची बाजू झेलात दिसते. चेंडू हातात येताना हात मागे घेण्याची सवय मुलांना आधीच असते. ग्लव्ह घातल्यावर एवढेच शिकवायचे, की कमरेच्या वरच्या चेंडूसाठी बोटे आभाळाकडे आणि कमरेखालच्या चेंडूसाठी बोटे जमिनीकडे. ग्लव्ह फेकण्याच्या हातात नव्हे तर दुसऱ्या हातात घालायचा असतो, त्यामुळे डावखुऱ्या मुलासाठी उजव्या हाताचा ग्लव्ह लागतो. साहित्य मागवताना ही गोष्ट हमखास विसरली जाते आणि मग डावखुरे मूल उजव्या हाताने फेकायला लागते. फुटबॉल खेळणाऱ्या मुलांचे पाय हलके असतात, पण जमिनीवरचा चेंडू अडवायला त्यांचा पायच आधी पुढे येतो. त्यांच्याकडून बिनग्लव्हचा सराव थोडा अधिक करून घ्यावा.

दीड तासाची विभागणी

आमचा सराव साडेचारला सुरू होतो आणि सहाला संपतो, कारण सव्वासहाच्या बसने काही मुले गावी परततात आणि डिसेंबरात त्या सुमारास सूर्यही मावळतो. या नव्वद मिनिटांपैकी दहा अंग मोकळे करण्यात, पंधरा फेक-झेलात, छत्तीस तीन गटांच्या सरावात, वीस प्रत्यक्ष खेळात आणि पाच आवराआवरीत जातात. उरलेली चार मिनिटे एका जागेवरून दुसऱ्या जागी जाण्यात खर्च होतात, आणि ती आधीच धरून ठेवली नाहीत तर खेळाचा वेळ खातात.

अंग मोकळे करताना मैदानाला फेऱ्या मारायला लावू नयेत. त्याऐवजी मुलांना बेसवरून पळवावे. कधी पूर्ण वेगाने, कधी आडव्या पावलांनी, कधी वळून मागे. त्यात अंगही तापते आणि धावांचा मार्गही पायांना पाठ होतो. खांद्याचे काम नेहमी यानंतर, आधी नाही.

फेक-झेलासाठी दहा जोड्यांना दहा चेंडू. सर्व जोड्या दक्षिणोत्तर उभ्या कराव्यात, म्हणजे सूर्य कोणाच्याच डोळ्यांत येत नाही आणि सुटलेला चेंडू शेजारच्या जोडीत शिरत नाही. सुरुवात सहा मीटरवरून, एक गुडघा जमिनीला टेकवून; मग नऊ, मग बारा, आणि मोठ्या मुलांनी अठरा मीटरपर्यंत मागे जावे. पाहायच्या गोष्टी तीनच: दोन बोटे शिवणीवर आडवी, कोपर खांद्याच्या उंचीला, आणि फेकताना विरुद्ध पाय लक्ष्याच्या दिशेने पुढे. एका दिवशी यातली एकच गोष्ट सांगावी. तिन्ही एकदम सांगितल्या की मूल फेकण्याऐवजी स्वतःच्या अवयवांचा हिशोब करू लागते. पंधरा मिनिटांत प्रत्येकाच्या पस्तीसेक फेका सहज होतात. जुन्या सरावातल्या त्या मुलीच्या तीनशी ही संख्या ताडून पाहावी.

तीन गटांचा भाग सर्वांत महत्त्वाचा असतो. सात, सात आणि सहा असे गट करून दर बारा मिनिटांनी शिट्टीवर जागा बदलायच्या.

पहिली जागा जमिनीवरच्या चेंडूची. चेंडू बॅटने मारू नये, हाताने घरंगळत सोडावा, म्हणजे हव्या त्या वेगाने आणि हव्या त्या बाजूला देता येतो. पाय खांद्यांपेक्षा रुंद, बूड खाली, ग्लव्ह जमिनीला टेकलेला आणि दुसरा हात वर उघडा, चेंडू आत आला की वरचा हात झाकणासारखा मिटायचा. ही हालचाल मी मगरीच्या जबड्यावरून शिकवतो. कुंभारजुव्याच्या कालव्यातल्या मगरी मुलांनी पाहिलेल्या किंवा निदान ऐकलेल्या असतात, आणि दुर्भाटच्या बाजूच्या मुलांनी तर मानगे थापणी या मगरपूजेच्या विधीला चिखलाची मगर घडवताना पाहिलेली असते, त्यामुळे अधिक स्पष्टीकरण लागत नाही. सात मुलांची एक रांग करण्याऐवजी दोन रांगा आणि दोन चेंडू ठेवले की थांबणे निम्म्यावर येते.

दुसरी जागा बॅटची, आणि इथे शिस्तीत जराही सवलत देऊ नये. माझ्या पहिल्याच वर्षी एक मुलगा आपली पाळी येईपर्यंत मागे उभा राहून बॅट फिरवत होता. चेंडू उचलायला वाकलेल्या दुसऱ्याच्या भुवईवर ती बसली आणि चार टाके घालावे लागले. दोघांचाही दोष नव्हता, कारण बॅट कुठे फिरवायची हे मी सांगितलेलेच नव्हते. आता नियम असा आहे, की जितक्या आखलेल्या चौकटी तितक्याच बॅट बाहेर आणि बाकीच्या गोणपाटात बांधलेल्या. चौकटीत हेल्मेट घातलेला एकच मुलगा असतो आणि बॅट आडवी धरून चार पावले गेल्यावर जी रेघ येते तिच्या आत दुसरे कोणी पाऊल ठेवत नाही.

फटक्यांसाठी समोरून चेंडू टाकण्याची गरज नाही. प्लास्टिकच्या पाइपावर जाड रबरी नळीचा तुकडा बसवून केलेल्या टीवर चेंडू ठेवावा आणि समोर बांबूंना मासेमारीचे जुने जाळे दुहेरी करून टांगावे. रापणीचे किंवा ट्रॉलरचे टाकून दिलेले जाळे मागितले तर कोणी नाही म्हणत नाही; मात्र ते घट्ट ताणून बांधू नये, सैल सोडावे, म्हणजे चेंडू उलटून येत नाही. अशा दोन टी आणि दोन जाळी असली की बारा मिनिटांत प्रत्येकाला वीसच्या आसपास फटके मिळतात, आणि ज्यांची पाळी नाही ती मुले टीवर चेंडू ठेवणे व जाळ्याखालचे चेंडू गोळा करणे ही कामे करतात. क्रिकेटमधला उभ्या बॅटचा बचावात्मक फटका इथे दिसला की चेंडू छातीच्या उंचीवर ठेवावा; बॅट आपोआप आडवी फिरते.

तिसरी जागा दर सरावाला बदलते: कधी बेसवरचे धावणे, कधी उंच झेल, कधी पिचिंग. घसरण्याचा सराव मात्र तांबड्या मातीवर मुळीच घेऊ नये, मांडीची साल निघते. महिन्यातून एकदा रविवारी सकाळी ओहोटीची वेळ पाहून मुलांना पुळणीवर न्यावे. ओल्या, दबलेल्या वाळूवर घसरणे शिकायला एक तास पुरतो, आणि त्या दिवसाची हजेरी नेहमीच पूर्ण असते.

शेवटच्या वीस मिनिटांत खेळ. तीन आउट होईपर्यंत डाव चालू ठेवला तर एकच संघ वीस मिनिटे खेळतो, म्हणून चार-चार मिनिटांचे डाव ठेवावेत. प्रत्येक चेंडूपूर्वी परिस्थिती मोठ्याने सांगावी: ‘पहिल्यावर धावपटू, एक आउट.’ मग कोणा एकाला विचारावे, की चेंडू तुझ्याकडे आला तर कुठे फेकशील. सुरुवातीला सर्व बोटे पहिल्या बेसकडे वळतात. धावपटूला पुढे सरकणे भाग असेल तेव्हा चेंडू हातात घेऊन नुसता बेसला पाय लावला तरी तो बाद होतो, आणि भाग नसेल तेव्हा त्याला चेंडूने स्पर्श करावा लागतो, हा फरक फळ्यावर समजावून कधीच कळत नाही. या वीस मिनिटांत दोन-तीनदा चुकल्यावर कळतो.

खांदा

पिचिंगची मर्यादा ही सुचवणी नव्हे, बंधन मानावी. लिटल लीगच्या नियमानुसार दिवसाला जास्तीत जास्त ७-८ वर्षांच्या मुलाने ५०, ९-१० वर्षांच्याने ७५, ११-१२ वर्षांच्याने ८५ आणि १३ ते १६ वर्षांच्याने ९५ चेंडू टाकावेत. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाने २१ ते ३५ चेंडू टाकले तर एक दिवस, ३६ ते ५० टाकले तर दोन दिवस, ५१ ते ६५ टाकले तर तीन दिवस आणि त्याहून अधिक टाकले तर चार दिवस विश्रांती घ्यायची असते. ४१ किंवा त्याहून अधिक चेंडू टाकलेल्या मुलाला त्या दिवशी कॅचर म्हणूनही उभे करता येत नाही. हे आकडे सामन्यांसाठी आहेत. सरावात मी त्यांच्या निम्म्यावर थांबतो, कारण आपल्याकडचा चांगला हात असलेला मुलगा सकाळी गावच्या क्रिकेट संघासाठी चार-पाच षटके टाकून आलेला असतो आणि ते तो आपण होऊन सांगत नाही. सराव सुरू होताना ‘आज सकाळी कोणी गोलंदाजी केली?’ असे विचारावे आणि हात वर करणाऱ्याला त्या दिवशी पिचिंग देऊ नये. वाढत्या वयातल्या हाडांची टोके मऊ असतात. तिथली दुखापत महिनोन् महिने जात नाही.

मोजणीसाठी एका मुलाला डबीत तीस चिंचोके देऊन बसवावे. प्रत्येक चेंडूला एक चिंचोका दुसऱ्या डबीत. पहिली डबी रिकामी झाली की पिचर बदलतो आणि त्यावर वाद होत नाही. वळणारे चेंडू या वयात शिकवू नयेत. सरळ वेगवान आणि त्याच पद्धतीने टाकलेला हळू, एवढे दोन पुरतात.

२००८ साली उत्तर प्रदेशातल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन भालाफेकपटूंना पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉल संघाने करारबद्ध केले, ते उदाहरण एखादे पालक देतातच. ते खरे आहे. परंतु ती दोघे तेव्हा विशीच्या उंबरठ्यावरची मुले होती; दहा वर्षांच्या मुलाच्या खांद्याकडून ती अपेक्षा करू नये.

ऊन, पाऊस आणि ग्लव्हची बुरशी

मार्च ते मे या काळात दर पंधरा मिनिटांनी पाणी द्यावे, तहान लागली का असे विचारत बसू नये. ऑक्टोबरात परतीच्या पावसाचे ढग संध्याकाळी गडगडू लागले की पहिल्याच गडगडाटाला मैदान रिकामे करावे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटे होईपर्यंत परत जाऊ नये. ‘दोनच चेंडू राहिले सर’ हे ऐकून घेऊ नये. माडाखाली किंवा पत्र्याच्या मोकळ्या छपराखाली उभे राहणे म्हणजे आसरा नव्हे; बंद इमारतीत जावे.

जून ते सप्टेंबर मैदान मिळत नाही, पण सराव बंद करण्याचे कारण नाही. जागतिक संघटनेने सुरू केलेला बेसबॉल-फाइव्ह हा प्रकार शाळेच्या सभागृहात उत्तम जमतो. प्रत्येक संघात पाच खेळाडू, पाच डाव, बेसमधले अंतर १३ मीटर, साहित्य म्हणून एक रबरी चेंडू. बॅट नाही, ग्लव्ह नाही, पिचरही नाही, फलंदाज चेंडू हातानेच मारतो. २०२६ च्या डाकार युवा ऑलिंपिकमध्ये हा खेळ घेतलेला आहे. फोर्स आउट (बेसला पाय लावून बाद करणे), टॅग (चेंडूने स्पर्श करून बाद करणे) आणि धावण्याचे निर्णय या सगळ्यांचा सराव त्यात होतो, आणि चतुर्थीच्या सुट्टीत मुलांनी ते अंगणातही खेळावे.

याच महिन्यांत ग्लव्हना हिरवट बुरशी येते. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेला ग्लव्ह दोन आठवड्यांत खराब होतो. कोरड्या फडक्याने पुसून, आत वर्तमानपत्राचा बोळा घालून, वारा लागेल अशा ठिकाणी टांगावेत. तेल बोटभर, तेही महिन्यातून एकदा. तेलात भिजवलेला ग्लव्ह जड आणि लिबलिबीत होतो.

वही

बसमध्ये बसल्यावर, मुलांचा गलका चालू असतानाच, वहीत तीन ओळी लिहाव्यात: काय ठरवले होते, काय झाले, पुढच्या वेळी कोणाकडे पाहायचे आहे. माझ्या वहीतली मागच्या मंगळवारची नोंद अशी आहे: ‘तिसरी जागा उंच झेल. चार मिनिटे उशिरा सुरू, जाळे सुटले. सहावीतला डावखुरा अजूनही उजव्या हाताने फेकतो, ग्लव्ह मागवणे. चेंडू बारापैकी अकरा, एक गटारात.’